माझ्या कानाकडे बघा

“हा नमुना खराब आहे,” म्हणत मी पिस्तूल टेबलावर ठेवलं.

शेडबाळेनं गालातली सुपारी या गालातून त्या गालात सारली. “बरं. दुसरा बघ.”

दुसराही खराब निघाला. तिसरा तर पहिल्या दोन्हींहून वाईट.

“तिन्ही खराब?” शेडबाळे म्हणाला. “लेका, पोरगी बघायला आल्यागत नाकं मुरडाय लागलाईस की.”

सकाळची वेळ होती. पोलीस मुख्यालयाच्या मागं आमचं चांदमारीचं मैदान होतं, म्हणजे गोळीबाराच्या सरावाचं. मातीचा उंच बांध, बांधापुढं पुठ्ठ्याची माणसं, आणि अलीकडं एक मोडकं टेबल. बाबू शेडबाळे हा शस्त्रागाराचा हवालदार. जिल्ह्यातलं प्रत्येक पिस्तूल त्याच्या हातचं तेल पिऊन ड्यूटीला जायचं. आणि मी भूपाल मगदूम, हवालदारच, पण संरक्षण शाखेचा. ज्यांच्या जिवाला धोका आहे त्यांच्या दारात साध्या सफारीत उभं राहायचं, हे माझं काम.

ठाण्यातल्या पोलिसाचं पिस्तूल कमरेला लोंबतं, साऱ्या गावाला दिसतं. आमचं दिसू द्यायचं नसतं. ते सफारीच्या आत, पोटाशी लपवलेलं असतं, आणि वेळ आली तर डोळ्याचं पातं लवायच्या आत बाहेर आलं पाहिजे. अशा पिस्तुलांवर बसवायला मुंबईहून तीन जातींचे नमुने आले होते. काडेपेटीहून लहान वस्तू, वर एक इवलीशी काच. काचेतून बघितलं की लाल ठिपका तरंगताना दिसतो. ठिपका जिथं, गोळी तिथं. कागदावर तिचं नाव ‘रेड डॉट’ होतं, पण शेडबाळेनं पहिल्याच दिवशी तिला ‘टिकली’ म्हटलं आणि तेच सगळ्यांच्या तोंडी बसलं.

तिन्हींपैकी कुठली घ्यायची, हे मी ठरवायचं होतं. साहेबांनी तसं भर परेडमध्ये सांगितलं होतं, “मगदूम बोट ठेवेल ती.” कारण नेमबाजीत जिल्ह्यात माझ्यापुढं कुणी नव्हतं. हे मी फुशारकीनं सांगत नाही. म्हणजे थोडं फुशारकीनंच सांगतो.

आणि मला तिन्ही काचांमधली टिकली घामानं ओघळल्यासारखी दिसत होती. गोल नव्हेच. खालच्या बाजूला शेपूट, वर फाटे.

“तिन्ही परत धाड,” मी म्हटलं. “आणि फोटो जोड सोबत. हातच्या कांकणाला आरसा कशाला?”

शेडबाळेनं फोन काचेमागं धरून फोटो काढला. मग फोनकडं बघत राहिला. मग फोन माझ्या हातात दिला आणि स्वतः पिस्तूल उचलून काचेला डोळा लावला.

फोटोतली टिकली गोल होती. नव्या नवरीच्या कपाळावर असावी इतकी गोल.

“मलाबी गोलच दिसत्या,” शेडबाळे म्हणाला आणि हसायला लागला. “भूपाल, नाचता येईना अंगण वाकडं, त्यातली गत हाय बघ ही.” पण माझं तोंड बघून त्याचं हसू मध्येच थांबलं. त्यानं सुपारी थुंकली आणि जवळ आला. “डोळं कवापासनं असं?”

खरं तर मागच्या वर्षापासून माझी गंमत झाली होती. पिस्तुलाच्या टोकाला जो उंचवटा असतो त्याला आम्ही माशी म्हणतो. नेम धरताना माशी स्पष्ट दिसायला हवी, पलीकडचा माणूस पुसट दिसला तरी चालतो. चाळिशी उलटली आणि माझी माशीच पुसट झाली. मागची चाचणी मी नुसत्या हाताच्या सवयीनं पास झालो होतो. टिकली आली तेव्हा मनात म्हटलं, सुटलो! टिकलीला माशीची गरज नाही. नजर थेट समोरच्यावर ठेवायची. पण इथं टिकलीच माझ्यावर रुसलेली.

“शनवारी नव्या टिकलीवर समद्यांची चाचणी हाय,” शेडबाळे म्हणाला. “नापास झाला त्यो मुख्यालयात.”

“माहिती आहे.”

“मग?”

“झाकली मूठ ठेव शनिवारपर्यंत.”

“ठेवतो की,” तो म्हणाला. “पर लेका, मुठीत काय हाय ते तुला तर ठावं पायजे.”

मुख्यालयात जायला माझा काही जीव जात नव्हता. तिथं काम कमी, रविवारची सुट्टी नक्की, मेसला जेवण बरं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी तिच्या घरी सुखात होती, मला कुठंही टाका. पण मला डॉक्टर आठल्येंच्या दारातून हलायचं नव्हतं. त्या बाईंना सोडून जायचं नव्हतं. एवढं एक वाक्य सरळ म्हणायला मला रिटायर व्हावं लागलं.

डॉक्टर मृणालिनी आठल्ये म्हणजे मिरजेतल्या डोळ्यांच्या डॉक्टर. खाली दवाखाना, वर घर, मागं छोटी बाग. लग्न केलं नव्हतं. एका पहाटे फिरायला गेल्या असताना त्यांच्या देखत मोटारसायकलवरच्या दोघांनी एका माणसाला गोळ्या घातल्या. मारणाऱ्यानं हेल्मेटची काच वर केली होती, आणि पळता पळता त्यानं एकदाच बाईंकडं बघितलं. त्याच्या डाव्या बुबुळावर फूल पडलेलं होतं, पांढरं, एका बाजूला. पुढं पोलिसांनी ओळख परेडला माणसं उभी केली, तेव्हा बाईंनी कुणाच्या चेहऱ्याकडं बघितलंच नाही. टॉर्च मागितली आणि एकेकाचे डोळे बघत गेल्या. पाचव्या-सहाव्या माणसापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, “हा.” त्या माणसाचे मालक मोठे होते, हात लांबवर पोचणारे. म्हणून बाईंच्या दारात मी.

आमच्या कामाचा एक नियम आहे, तो बाहेरच्यांना ठाऊक नसतो. ज्याला सांभाळायचं त्याच्याकडं बघायचं नाही. त्याला पाठ द्यायची आणि जगाकडं तोंड करायचं. धोका तिकडून येतो. सांभाळायच्या माणसाचं तोंड बघत उभा राहिला तो पहारेकरी कसला, तो तर पाहुणा. ही तालीम माझ्या अंगात इतकी भिनली होती, की तीन वर्षं सकाळ ते संध्याकाळ बाईंपासून चार हातांवर उभा राहूनही त्या कशा दिसतात ते मला कुणी विचारलं असतं, तर पंचाईत झाली असती. मला त्यांची चप्पल ऐकू यायची. चहात लवंग घालतात हे वासावरून कळायचं. चिडल्या की आवाज चढत नसे, उलट उतरायचा. अंधाऱ्या खोलीत पेशंट तपासायच्या तेव्हा मी दारात, बाहेरच्या बाकांकडं तोंड करून, आणि पाठीमागून तीच ती वाक्यं. “हनुवटी टेकवा. वर बघा. खाली बघा. आता माझ्या कानाकडे बघा.” हे शेवटचं दिवसातून शंभरदा.

पेशंट नसले की त्या माझ्या पाठीशी बोलायच्या. पाठीशीच म्हणावं लागेल. बागेतल्या जास्वंदीवर मावा पडला, धारवाडच्या बहिणीला नातू झाला, लहानपणी वडिलांनी सायकल शिकवताना कसं ढकललं. मी समोर बघत “हो मॅडम”, “नाही मॅडम” करायचो. आधी नुसतं तेवढंच. मग हळूहळू मीही बोलायला लागलो. फाटकाकडं बघत मी त्यांना बायकोच्या शेवटच्या दिवसांबद्दल सांगितलं, जे मी सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं. समोर चेहरा नसला की माणूस भडाभडा बोलतो.

तर त्या दिवशी संध्याकाळी दवाखाना रिकामा झाला. मी दारात. पाठीमागून आवाज आला, “मगदूम, आज तुमची मान गप्प आहे.”

“मान?”

“तुम्ही बोलत नसलात तरी तुमची मान बोलते. चिडलात की ताठ, हसलात की कानामागची शीर हलते. कानाच्या खाली तीळ आहे तुम्हाला, ठाऊक आहे का?”

“नाही मॅडम.”

“मला आहे. सांगा काय झालं ते.”

मी समोरच्या बाकाकडं बघत सगळं सांगितलं. पुसट माशी, ओघळलेली टिकली, फोटो, शेडबाळे, शनिवार. सांगून झाल्यावर पाठीमागं खुर्ची सरकली.

“आत या. खुर्चीत बसा.”

“ड्यूटीवर आहे मॅडम.”

“दाराला कडी घाला. कडी लावून पोलीस खुर्चीत बसला तर कुठलं कलम मोडत नाही. आणि डोळ्यांच्या डॉक्टरच्या दारात आंधळा पहारेकरी उभा आहे हे बाहेर कळलं, तर माझी प्रॅक्टिस बसेल.”

मी कडी घातली. दोनदा ओढून बघितली. मग वळलो, पण नजर जमिनीवर ठेवून, आणि खुर्चीत बसलो. खोलीत अंधार केला होता. त्यांनी यंत्र पुढं ओढलं.

“हनुवटी इथं टेकवा. कपाळ पट्टीला लावा. वर बघा. खाली बघा.” आणि मग, माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावरून, “माझ्या कानाकडे बघा.”

मी बघितलं. कानात मोत्याची कुडी होती, त्यातला एक मोती जरा पिवळा पडलेला. कानामागं पिकत चाललेल्या केसांची एक बट, घाईत खोचलेली. लवंगेचा वास. प्रकाशाची एक पट्टी माझ्या डोळ्यावरून आडवी फिरत होती आणि तिच्या पलीकडं त्यांचा चेहरा होता, तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्या समोर. नजर दोन बोटं सरकवली असती तरी दिसला असता. मी कानाकडं बघत राहिलो. सांगितलंच तसं होतं.

“बुबुळ चेंडूसारखं गोल हवं,” त्या म्हणाल्या, “तुमचं जरा अंड्यासारखं आहे. जन्मापासूनच असणार. मोठ्या वस्तूला चालून जातं, ठिपक्याला चालत नाही. तुमची ती टिकली आणलीय?”

आणली होती. कपड्याखाली दिवसभर वागवून बघायला एक नमुना पिस्तुलावर बसवलेलाच होता. मी मॅगझिन काढलं, नळी रिकामी आहे हे दोनदा बघितलं, बाईंनाही दाखवलं. त्यांनी माझ्या नाकावर तपासणीची जड चौकट चढवली आणि तिच्यात एक भिंग टाकलं. मी पिस्तूल समोरच्या कोऱ्या भिंतीवर रोखलं. टिकली ओघळलेलीच.

त्या माझ्या खांद्याशी येऊन उभ्या राहिल्या आणि कानशिलापाशी हात नेऊन भिंग फिरवायला लागल्या, घड्याळाला किल्ली द्यावी तसं, अगदी सावकाश. “आता?” नाही. “आता?” थोडं. टिकलीचे वरचे फाटे आत यायला लागले. “आता?” शेपूट आखडलं. त्यांचं बोट माझ्या कानशिलाला लागलं आणि तसंच राहिलं. भिंग अजून केसभर फिरलं, आणि तो सगळा पसारा गोळा होऊन भिंतीवर एक गोल लाल ठिपका बसला.

“बसला,” मी म्हणालो. माझा आवाज मला वेगळाच वाटला.

“हलू नका.”

मी हललो नाही. त्याही हलल्या नाहीत. भिंग किती फिरलं तो चौकटीवरचा अंश वाचायला इतका वेळ लागत नाही, हे मला आता कळतं. तेव्हा मी नुसता ठिपक्याकडं बघत होतो, आणि मला एवढंच वाटत होतं की हा अंश त्यांना कधीच वाचता येऊ नये.

मग त्या जाऊन आपल्या खुर्चीत बसल्या. दिवा लावला नाही.

“मगदूम, समजा मी हा नंबर लिहून दिला नाही, तर काय होईल?”

“शनिवारी नापास होईन.”

“मग?”

“मुख्यालयात टाकतील. इथं दुसरा माणूस येईल.”

“नेम कसा असतो दुसऱ्या माणसाचा?”

“चांगला असतो.”

“तुमच्याइतका?”

“नाही मॅडम.”

“आणि तुम्ही मुख्यालयात काय करणार?”

“काय करणार. पिस्तुलं मोजणार शेडबाळेबरोबर. रविवारची सुट्टी मिळेल.”

“रविवारची सुट्टी,” त्या म्हणाल्या. “सुट्टीच्या दिवशी तुम्ही कुठल्याही घरी जाऊ शकता. चहाला वगैरे.”

“जाऊ शकतो.”

अंधारात त्या पेन टेबलावर टकटक करत राहिल्या. मग आवाज खूप उतरला. “तुम्हीच सांगा. देऊ नंबर?”

माझ्या डोळ्यांपुढं महिन्यावर आलेली साक्ष होती. कोर्टाच्या पायऱ्या होत्या, तिथली गर्दी होती, आणि त्या गर्दीत बाईंच्या पुढं कुणी दुसराच उभा होता, ज्याचा नेम चांगला होता, माझ्याइतका नव्हता. मला दुसरं काही दिसलंच नाही.

“द्या मॅडम,” मी म्हणालो.

त्यांनी दिवा लावला आणि नंबर लिहिला. कागद घेताना मी तो दोन्ही हातांनी घेतला, प्रसाद घ्यावा तसा.

शनिवारी मी चष्मा घालून चांदमारीवर उतरलो. शेडबाळेनं वरून खालून बघितलं. “मास्तर दिसतोस की रं. छडी आणली न्हाईस?” मी पिस्तूल उपसलं. पुठ्ठ्याच्या माणसाच्या छातीवर टिकली बसली, गोल, शहाण्यासारखी. एकाही गोळीनं जागा सोडली नाही. शेडबाळेनं पुठ्ठा काढून आणला, बोटानं छिद्रं चाचपली आणि पाठीत एक गुद्दा घातला.

मग निवड. साहेबांना सगळ्यात मोठ्या काचेची टिकली आवडली होती, ठिपका पटकन सापडतो म्हणून. शेडबाळेला सगळ्यात चपटी, सफारीखाली फुगवटा दिसत नाही म्हणून. मी दोन्ही आळीपाळीनं दिवस-दिवस पोटाशी बाळगल्या होत्या. त्या वरून उघड्या होत्या. संध्याकाळी बघावं तर आतल्या इवल्या दिव्यावर कापडाचा कचरा आणि घामाचं पाणी, आणि टिकली गायब. तिसरी चारी बाजूंनी बंद होती, डबीसारखी. काच लहान, जरा जाड, पिस्तूल उपसताना सफारीचा काठ नीट वर उचलला नाही तर अडकायची. पण तिच्या आत काही जात नव्हतं. मी डबीवर बोट ठेवलं.

“आरं, अडकत्या की ती,” शेडबाळे म्हणाला.

“अडकणं माझ्या हातात आहे, सरावानं जाईल. आत गेलेला कचरा ऐन वेळी कोण पुसणार? माझं माणूस पाठीमागं असतं.”

त्यानं माझ्याकडं निरखून बघितलं. ‘माझं माणूस’ हा शब्द माझ्या तोंडून गेला होता आणि आता परत घेता येत नव्हता. शेडबाळेनं नवी सुपारी तोंडात टाकली. “डबी तर डबी,” तो म्हणाला आणि कागदावर सही घेतली.

साक्षीच्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर माणसांची रीघ होती. मी बाईंच्या एक पाऊल पुढं. बाजूनं एक म्हातारा एकदम पुढं घुसला, हात कापडी पिशवीत घातलेला. माझा डावा हात सफारीच्या काठाला गेला, उजवा पिस्तुलाच्या मुठीवर. आणि त्याच क्षणी माझ्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, तळवा टेकला.

“मगदूम, आपले आप्पा आहेत ते. मोतीबिंदू, मागच्या महिन्यातला.”

आप्पांनी पिशवीतून नारळ काढला. “डॉक्टरबाई, देवीचा हाय. साक्षीला जाताय म्हून.” मी नारळ घेतला, त्यांच्या पिशवीत अजून काही नाही ना ते बघितलं, आणि त्यांना बाजूला केलं. तळवा अजून तिथंच होता. पायऱ्या संपेपर्यंत होता. आत जाऊन बाईंनी साक्ष दिली, त्या फूल पडलेल्या डोळ्याकडं सरळ बघत, आणि उलटतपासणीत वकिलानं दमवलं तरी त्यांचा आवाज एकदाही चढला नाही. मी दारात, कोर्टाला पाठ करून, सगळं ऐकलं.

जन्मठेप झाली. पण तेवढ्यानं पहारा उठत नाही. अपील झालं, वरचं कोर्ट, तारखांवर तारखा. सहा वर्षं गेली. डबीची बॅटरी बदलत राहिलो, चष्म्याचा नंबर एकदा बदलला, तोही त्यांनीच. दरवेळी तेच, “माझ्या कानाकडे बघा.” मी बघायचो. कुडीतला पिवळा मोती त्यांनी कधी बदलला नाही, आणि कानामागची बट हळूहळू पूर्ण पांढरी झाली. बाकी सगळं तसंच. त्या पाठीमागं, मी पुढं, आणि मध्ये चार हात. मला याहून जास्त काही हवं होतं का? हवं होतं. रोज हवं होतं. पण हवं असलेल्या गोष्टीला पाठ देऊनच ती जपायची, हे माझं कामच होतं. त्याचा मला पगार मिळत होता.

वरच्या कोर्टानं शिक्षा कायम केली आणि महिन्या-दोन महिन्यांत पहारा उठवल्याचा हुकूम आला. बाईंनी तोवर दवाखाना एका तरुण डॉक्टराला देऊन टाकला होता. धारवाडला बहिणीकडं जाऊन राहायचं ठरलं होतं. शेवटच्या दिवशी मी फाटकाशी सलाम ठोकला तेव्हा त्या म्हणाल्या, “रविवारी चहाला या. आता चालतं ना?”

“चालतं मॅडम.”

रविवारी मी सफारी घातली नाही. मुलीनं दिवाळीला दिलेला निळा शर्ट घातला. कमरेला काही नव्हतं, त्यामुळं चालताना एका बाजूला तोल जातोय असं वाटत होतं. फाटक उघडून आत गेलो. व्हरांड्यात वेताच्या दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या होत्या, मध्ये तिपाई. घरातलं सामान खोक्यांत बांधलेलं दिसत होतं. मी एका खुर्चीत बसलो. त्या चहा घेऊन आल्या आणि समोर बसल्या.

आणि मी पहिल्यांदा बघितलं. काय सांगू? साठीची बाई. नाक जरा बसकं, कपाळावर तीन आठ्या, डोळे तपकिरी, मला वाटायचे तसे काळे नव्हेत. इतक्या वर्षांत मी जो चेहरा मनात केला होता तो हा नव्हताच. हा जास्त चांगला होता. पण या चेहऱ्याशी बोलायचं कसं ते मला येत नव्हतं.

“चहा घ्या,” त्या म्हणाल्या.

“घेतो.”

“लवंग जास्त झाली का?”

“नाही, बरोबर आहे.”

संपलं. त्या माझ्या तोंडाकडं बघायच्या आणि गोंधळून बशीकडं वळायच्या. त्यांना माझी मान पाठ होती, तोंड त्यांच्याही ओळखीचं नव्हतं. मी कपात बघत होतो, मग खोक्यांकडं, मग पुन्हा कपात. शेवटी त्यांना हसू आलं. “कुठं बघावं कळत नसेल, तर माझ्या कानाकडे बघा.”

मी कानाकडं बघितलं. तीच कुडी. दोघंही हसलो. हसणं संपलं. चहा निवला. आज या घरात मी पाहुणा होतो, आणि उद्या सकाळी या बाई धारवाडला निघून जाणार होत्या, आणि माझ्या तोंडून एक शब्द फुटत नव्हता. मी उठलो. चूळ भरायचं निमित्त करावं की निरोप घ्यावा, काही ठरवलं नव्हतं. पाय आपोआप व्हरांड्याच्या खांबाशी गेले, माझ्या नेहमीच्या जागी. मी फाटकाकडं तोंड करून, हात पाठीमागं बांधून उभा राहिलो.

पाठीमागं कप बशीत ठेवल्याचा आवाज झाला. मग एक मोठा श्वास.

“जास्वंद नव्या डॉक्टरांना सांगून ठेवलीय,” त्या म्हणाल्या, “पण ते पाणी घालणार नाहीत, मला माहितीये.”

“मी घालीन येऊन,” मी म्हणालो.

“बहिणीच्या घरी माझ्यासाठी रस्त्याकडची खोली केलीय. मला रस्त्याकडची नको आहे. मागची हवी होती.”

“मागची बरी. बाग असली तर.”

“बाग आहे. लहान.”

आणि मग त्या बोलायला लागल्या. इतक्या वर्षांसारखंच, खंड न पडता, आणि मीही समोर बघत बोलायला लागलो. माझ्या मुलीचं, शेडबाळेच्या रिटायरमेंटचं, कोर्टाच्या पायऱ्यांवरच्या आप्पांचं, जे आता नव्हते. ऊन फाटकावरून सरकत खाली गेलं. मध्येच त्या थांबल्या. आवाज पुन्हा आला तेव्हा अगदी उतरलेला होता.

“त्या दिवशी तुमचा नंबर मी काढायला नको होता, मगदूम.”

फाटकासमोरून एक सायकलवाला गेला. मी तो दिसेनासा होईपर्यंत बघितला.

“मग तुमच्या दारात कोण उभं राहिलं असतं?”

“कुणीतरी उभं राहिलंच असतं,” त्या म्हणाल्या. “आणि तुम्ही रविवारी चहाला आला असता. सहा वर्षं. दोघांनाही समोर बसायची सवय झाली असती.”

मला वळायचं होतं. आयुष्यात इतकं कधी काही करावंसं वाटलं नव्हतं. पण माझ्या मागं त्या रडत होत्या, आणि बोलतही होत्या. वळलो असतो तर त्या बोलायच्या थांबल्या असत्या. मला त्यांचं सगळं ऐकायचं होतं. मी चष्मा काढून हातात धरला, आणि पुसट झालेल्या फाटकाकडं बघत, अंधार पडेपर्यंत तिथंच उभा राहिलो.